प्रॉपर्टी काढायचीय, पण नेमकी कुठून?

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच निघाला, कॅटलॉगच्या (दुकानातल्या मालाच्या यादीच्या) डेफिनिशनमधून, म्हणजे एका प्रकारच्या मालाची कोणती माहिती भरायची ते सांगणाऱ्या साच्यातून, प्रॉपर्टी (रंग, साइज असा एखादा खाना) एपीआयने, म्हणजे कोडमधून कॉल करून, कशी काढायची. प्रॉपर्टी घालण्याबद्दल मला कधी पत्र येत नाही, ते सगळ्यांना जमतं, काढायची वेळ आली की मात्र गाडी अडते, म्हणून आख्खा कॉलम यालाच दिलाय. पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न: ताई, आमच्याकडे 'बूट' नावाची प्रॉडक्ट डेफिनिशन आहे आणि त्यात वाढत वाढत 40 च्या वर प्रॉपर्ट्या झाल्यात, निम्म्या तर कोणी भरतच नाही. मला सांगितलंय की कोड लिहून नको असलेल्या काढून टाक. मी लूप लिहिला, प्रत्येकीवर रिमूव्ह कॉल केला, एरर काहीच नाही, पण नंतर डेफिनिशन परत उघडली तर सगळ्या जशाच्या तशा! मधेच डीबगरमध्ये (चालता कोड थांबवून बघायच्या साधनात) थांबून बघितलं तर तिथेही सगळ्या निघत नव्हत्या, एक सोडून एक निघत होत्या. दोन दिवस झाले डोकं फिरलंय.

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्यात म्हणून गोंधळ झालाय, सुट्या करून बघू.

पहिली चूक सेव्हची. बहुतेक कॅटलॉग लायब्ररींमध्ये तुम्ही डेफिनिशन मागता तेव्हा तिची एक कॉपी तुमच्या मेमरीत येते, रिमूव्ह त्या कॉपीतून काढतं आणि सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो, जोपर्यंत तुम्ही सेव्ह किंवा अपडेट म्हणत नाही तोपर्यंत. एरर येत नाही कारण मेमरीत खरंच काढलं गेलंय, काम अर्धं झालंय एवढंच. डॉट नेटच्या डेटा टेबलमध्ये (डेटाबेसमधल्या टेबलची मेमरीतली कॉपी) याचा अजून एक फसवा प्रकार आहे, तिथे रो वर (टेबलमधल्या ओळीवर) डिलीट केलं तर रो वर 'काढायची आहे' असा शिक्का बसतो आणि पुढे डेटाबेसशी जोडणाऱ्या अॅडाप्टरने अपडेट केलं की डेटाबेसमधूनही जाते, पण रो च्या कलेक्शनवर रिमूव्ह केलं तर रो यादीतूनच गायब होते, शिक्का कुठेच उरत नाही, मग डेटाबेसला कोण सांगणार? दोन्ही शब्दांचा अर्थ आपल्याला 'काढ' असाच वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. म्हणून तुमच्या लायब्ररीत रिमूव्ह आणि डिलीट दोन्ही असतील तर आधी दोघांचं डॉक्युमेंटेशन शेजारी शेजारी ठेवून वाचा.

दुसरी चूक लूपची. एक सोडून एक निघतंय म्हणजे तुम्ही यादीवर नंबरने चालताय आणि चालता चालता त्याच यादीतून काढताय. शून्य नंबरची काढली की पुढची सरकून शून्यावर येते, तुमचा काउंटर मात्र एकवर गेलेला असतो, म्हणजे सरकून आलेली ती प्रॉपर्टी तुम्ही बघितलीच नाही. जावा आणि सी शार्पमध्ये फॉर ईचने चाललात तर रनटाइम बहुतेक वेळा एक्सेप्शन फेकून थांबवतो, पायथनच्या लिस्टमध्ये मात्र चुपचाप उड्या मारल्या जातात. उपाय सोपा आहे, शेवटून सुरुवातीकडे चाला, किंवा मला जास्त आवडतं ते म्हणजे काढायच्या नावांची वेगळी यादी आधी बनवा आणि मग त्या यादीवर लूप चालवा. आवडण्याचं कारण असं की ती यादी तुम्ही फाइलमध्ये लिहून ठेवू शकता, दुसऱ्या कोणाला दाखवू शकता, आणि उद्या कोणी विचारलं की नेमकं काय काय काढलं तर उत्तर हातात असतं. 'जी रिकामी दिसेल ती काढ' असा निर्णय लूपच्या आतच घेणारा कोड कृपया चालवू नका, कारण रिकामी दिसणारी प्रॉपर्टी दुसऱ्या भाषेत भरलेली असू शकते, आणि तुम्ही तपासलीत फक्त डीफॉल्ट भाषा.

आणि सेव्ह झाल्यावर तेच ऑब्जेक्ट तपासू नका, डेफिनिशन सर्व्हरवरून नव्याने मागवा आणि तिच्यात बघा. मध्ये कॅशे (पटकन देता यावी म्हणून साठवलेली जुनी कॉपी) असेल तर तीही रिकामी करा, नाहीतर अजून दोन दिवस जातील.

प्रश्न: 'चार्जर' या डेफिनिशनला 'साइज' ही प्रॉपर्टी कोणीतरी चुकून लावली होती. मी एपीआयने साइज डिलीट केली, कॉल यशस्वी झाला आणि अर्ध्या तासात कपड्यांच्या टीमचा फोन की आमचे साइज कुठे गेले. मी तर चार्जरमधूनच काढत होतो हो! आता सगळे माझ्याकडे बघतायत.

उत्तर: तुमची घालमेल मला कळतेय, मी स्वतः एका कामावर असंच केलंय. माझ्या वेळी 'मटेरियल' होतं, आणि व्हॅल्यू परत आणायला आम्ही तिघं जण दोन रात्री बसलो होतो, जुन्या एक्स्पोर्ट फाइलमधून एक एक उचलत. तेव्हापासून मी डिलीटचा कॉल लिहायच्या आधी कागदावर तीन चौकोन काढते, आजही काढते.

पहिला चौकोन म्हणजे प्रॉपर्टी स्वतः, तिचं नाव, टाइप, ती किती भाषांत आहे वगैरे. दुसरा म्हणजे डेफिनिशन, जी म्हणते की माझ्यात अमुक अमुक प्रॉपर्ट्या आहेत. तिसरा म्हणजे व्हॅल्यू, प्रत्येक प्रॉडक्टवर प्रत्यक्ष भरलेली. काढणं या तिन्हीपैकी कुठेही होऊ शकतं आणि प्रत्येक सिस्टीम हे वेगळं वागवते. तुम्हाला दुसऱ्या चौकोनातला एक बाण पुसायचा होता, तुम्ही पहिला चौकोनच फाडलात.

मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं (तिथे प्रॉपर्टीला ॲट्रिब्यूट आणि डेफिनिशनला ॲट्रिब्यूट सेट म्हणतात), तिथे दोन वेगळे पत्ते आहेत, एक डिलीट थेट प्रॉडक्टच्या ॲट्रिब्यूटवर जाते आणि ॲट्रिब्यूट पूर्ण कॅटलॉगमधून उडवते, दुसरी ॲट्रिब्यूट सेटच्या पत्त्याखालून जाते आणि फक्त त्या सेटमधून काढते. यूआरएल अर्धवट वाचून कॉपी केला की झालंच. तिथे सिस्टीमची स्वतःची ॲट्रिब्यूट्स तुम्ही काढू शकत नाही, ती राखीव असतात, आणि जे ॲट्रिब्यूट कॉन्फिगरेबल प्रॉडक्टमध्ये व्हेरिएंट (एकाच मालाचे साइज-रंगाचे प्रकार) ठरवायला वापरलंय तेही काढू देत नाही, एरर देते. ही एरर आली की लोक चिडतात, पण ती तुमच्या बाजूने आहे, तिला वळसा घालून थेट टेबलमधून काढायला जाऊ नका.

तशाच वूकॉमर्स सॉफ्टवेअरमध्ये ग्लोबल ॲट्रिब्यूट डिलीट करताना फोर्स ट्रू (म्हणजे 'कायमची काढ') द्यावंच लागतं, कारण त्याला कचरापेटी नाही, आणि ॲट्रिब्यूटबरोबर त्याच्या सगळ्या टर्म्सही जातात, म्हणजे साइज गेला की स्मॉल, मीडियम, लार्ज सगळे गेले.

कॉमर्सटूल्स या अशाच आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये तर पहिला आणि दुसरा चौकोन एकच आहे, ॲट्रिब्यूटची डेफिनिशन प्रॉडक्ट टाइपच्या (तिथला दुसरा चौकोन) आतच राहते. तिथे 'रिमूव्ह ॲट्रिब्यूट डेफिनिशन' ही अपडेट ॲक्शन पाठवली की त्या टाइपच्या सगळ्या प्रॉडक्टवरच्या व्हॅल्यूही जातात, फक्त लगेच नाही, हळूहळू मागून साफ होतात. म्हणजे कॉल झाल्यावर थोडा वेळ काही प्रॉडक्टवर जुनी व्हॅल्यू दिसू शकते, ती बघून 'निघाली नाही' म्हणून परत परत कॉल मारत बसू नका.

शॉपिफायमध्ये याच गोष्टीचा निर्णय तुमच्या हातात दिलाय आणि मला तो प्रकार फार पटतो. मेटाफील्डची (तिथल्या जादा प्रॉपर्टीची) डेफिनिशन डिलीट करताना एक हो-नाहीचा फ्लॅग असतो की त्याच्याशी जोडलेले सगळे मेटाफील्डही काढायचे का. नाही म्हटलं तर डेफिनिशन जाते पण व्हॅल्यू तशाच मागे राहतात, फक्त आता त्यांना कोणती चौकट नाही. जी डेफिनिशन दुसऱ्या कशाकडे बोट दाखवते, म्हणजे रेफरन्स टाइपची, तिच्यासाठी मात्र हो च म्हणावं लागतं. आणि हे ग्राफक्यूएल (एपीआयला प्रश्न विचारायची एक भाषा) आहे हे विसरू नका, एचटीटीपीचा 200, म्हणजे 'ठीक' असा कोड, आला म्हणजे काम झालं असं नाही, उत्तराच्या आत यूझर एरर्स ची यादी येते, ती रिकामी आहे का ते बघायचं.

आता तुमचं पुढे काय. आधी सगळे इंपोर्ट जॉब (फाइलमधून डेटा आपोआप भरणारी कामं) थांबवा म्हणजे परिस्थिती अजून बिघडणार नाही. मग बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा, चालू असलेल्यावर टाकू नका, नाहीतर मधल्या वेळात आलेलं बाकीचं सगळं काम जाईल. तिथून फक्त साइजच्या व्हॅल्यू काढा आणि प्रत्येक ओळीत प्रॉडक्टचा किंवा व्हेरिएंटचा आयडी, प्रॉपर्टीचं नाव, भाषा किंवा चॅनेल (वेबसाइट, ॲप असा विक्रीचा मार्ग) असेल तर ते, आणि व्हॅल्यू असं सगळं ठेवा. मग प्रॉपर्टी पूर्वीच्याच नावाने आणि टाइपने बनवा, कपड्यांच्या डेफिनिशनला जोडा आणि व्हॅल्यू एपीआयनेच भरा. साइजसारखी यादीतून निवडायची प्रॉपर्टी असेल तर एक गोष्ट सांभाळा, पर्यायांचे आतले आयडी आता नवीन असतील, जुने आयडी जसेच्या तसे टाकलेत तर लार्जच्या जागी भलतंच दिसेल किंवा कॉलच फेल जाईल, तेव्हा पर्याय नावाने जुळवा.

कपड्यांच्या टीमला तुम्ही स्वतः फोन करा, काय झालं ते सरळ सांगा. लपवून व्हॅल्यू गुपचूप भरायला जाल तर तेही त्यांच्या बाजूने हाताने भरत बसलेले असतील आणि दोघांचं काम एकमेकांवर चढेल.

प्रश्न: एखादी प्रॉपर्टी कोणी वापरत नाही हे खात्रीने कसं कळतं? आम्ही सगळ्या टीम्सना मेल केला होता, कोणाचंच उत्तर आलं नाही, म्हणून आम्ही काढली. तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रॉपर्टी परत आली होती, आपोआप!

उत्तर: मेलला उत्तर आलं नाही याचा अर्थ कोणी वापरत नाही असा होत नाही, बऱ्याचदा वापरणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं की तो वापरतोय. आणि जी आपोआप परत येते तिच्यामागे जवळजवळ नेहमी एक रात्री चालणारा इंपोर्ट असतो, ज्याच्या फाइलमध्ये तो कॉलम अजून आहे आणि ज्याला 'नसेल तर बनव' असं सांगून ठेवलंय. तुम्ही दिवसा काढता, तो रात्री बनवतो. त्या जॉबचे लॉग बघा, बहुधा तिथेच सापडेल.

बाकी शोधायच्या जागा सांगते, अनुभवाने गोळा केलेल्या आहेत. दुकानाच्या पानावरचे फिल्टर आणि सॉर्टिंग. सर्चचं इंडेक्स (शोधण्यासाठी वेगळी बनवलेली यादी). बाहेर जाणारे फीड (दुसऱ्या साइट्सना पाठवायच्या मालाच्या याद्या), ज्यात तुमच्या प्रॉपर्टीचं नाव दुसऱ्याच नावाला जोडलेलं असतं, त्यामुळे नावाने शोधून सापडत नाही. सवलतीचे नियम, जसं की 'सीझन बरोबर हिवाळा असेल तर' असं कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं असतं आणि प्रॉपर्टी गेली की तो नियम एरर न देता नुसता लागायचा बंद होतो, हे सगळ्यात वाईट, कारण ते कळायला महिने लागतात. रिपोर्ट. मोबाइल ॲपच्या जुन्या आवृत्त्या, ज्या तुम्ही बदलू शकत नाही कारण त्या लोकांच्या फोनमध्ये आहेत. आणि जुन्या ऑर्डर्स, ऑर्डरने विकत घेतानाची व्हॅल्यू स्वतःजवळ लिहून ठेवली असेल तर काही प्रश्न नाही, पण ती दरवेळी कॅटलॉगमधून वाचत असेल तर मागच्या वर्षीच्या बिलावरचा रंग आज गायब होईल.

सर्चबद्दल थोडं जास्त सांगते कारण तिथे लोक हमखास अडतात. इलॅस्टिकसर्च या सर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा मॅपिंगमध्ये (कोणतं फील्ड कोणत्या टाइपचं याच्या नोंदीत) आलेलं फील्ड नुसतं काढता येत नाही, नवीन इंडेक्स बनवायचं, त्याचं मॅपिंग हवं तसं द्यायचं, जुन्यातला डेटा रीइंडेक्स करायचा (नव्यात कॉपी करायचा), त्यातून ते फील्ड वगळायचं, आणि मग अलायस (इंडेक्सचं टोपणनाव) नवीनकडे वळवायचं. कॅटलॉगमधून काढलं आणि सर्चमध्ये जुनं फील्ड राहिलं तर काही कोसळत नाही, पण फिल्टरमध्ये एक भूत उरतं, क्लिक केलं की शून्य प्रॉडक्ट.

म्हणून मी एकदम डिलीट करतच नाही. आधी प्रॉपर्टी आवश्यक असेल तर ऐच्छिक करायची. मग एडिट स्क्रीनवर लपवायची, म्हणजे नवीन व्हॅल्यू यायची बंद. मग लिहिणारे जॉब बंद, आणि त्यानंतर वाचणारे. वाचणाऱ्यांना एपीआयच्या उत्तरातूनच पूर्वसूचना देता येते, एखादा पत्ता पूर्ण बंद होणार असेल तर त्यासाठी सनसेट नावाचा हेडरच (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) आहे, 2019 च्या आरएफसी 8594 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मधला, त्यात तारीख घालायची. एकटी प्रॉपर्टी जाणार असेल तर ते चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) आणि स्कीमात (एपीआयच्या रचनेच्या वर्णनात) लिहा, ग्राफक्यूएल स्कीमात फील्डला डेप्रिकेटेड (आता वापरू नका) म्हणून खूण करता येते. मग महिन्याचा एक पूर्ण फेरा जाऊ द्या, कारण महिनाअखेरीला चालणारा रिपोर्ट महिनाअखेरीलाच ओरडतो. त्यात कोणी ओरडलं तर लपवलेली प्रॉपर्टी परत दाखवायला एक मिनिट लागतं, डिलीट केलेली परत आणायला किती लागतं ते वरच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न: प्रॉडक्ट अपडेट करताना नको असलेली प्रॉपर्टी नल (म्हणजे 'काहीच नाही') पाठवायची, रिकामी स्ट्रिंग पाठवायची, की पाठवायचीच नाही? माझे दोन सहकारी दोन वेगळी उत्तरं देतात. आणि तीच डिलीट दुसऱ्यांदा मारली की 404 ('सापडलं नाही') येतो, तो आमची स्क्रिप्ट एरर समजून थांबते.

उत्तर: दोन्ही सहकारी बरोबर असू शकतात, ते वेगवेगळ्या एपीआयबद्दल बोलत असतील. पुट आणि पॅच या एचटीटीपीतल्या बदल करायच्या दोन पद्धती. पुट म्हणजे पूर्ण बदल, त्यात जे पाठवलं नाही ते गेलं असंच समजायचं, आणि म्हणूनच पुट करताना एखादं फील्ड विसरणं म्हणजे नकळत डिलीट करणं. पॅचमध्ये न पाठवलेलं तसंच राहतं, पण पॅचचेही प्रकार आहेत. जेसन (डेटा लिहायचा एक साचा) मर्ज पॅच, 2014 चा आरएफसी 7396, त्यात नल म्हणजे 'काढून टाक', त्यामुळे तिथे खरीखुरी नल व्हॅल्यू साठवताच येत नाही. जेसन पॅच, 2013 चा आरएफसी 6902, त्यात रिमूव्ह अशी सरळ क्रिया आहे आणि जागा सांगावी लागते, ती जागा अस्तित्वात नसेल तर रिमूव्ह फेल जातं आणि त्याच्याबरोबर पूर्ण पॅच फेल. रिकामी स्ट्रिंग म्हणजे तर काढणं नव्हेच, ती एक व्हॅल्यू आहे, पानावर 'रंग:' असं लेबल दिसेल आणि पुढे काहीच नसेल.

404 बद्दल, एचटीटीपीच्या नियमात डिलीट आयडेम्पोटंट आहे, म्हणजे एकदा केली काय आणि दहादा केली काय, सर्व्हरवरचा परिणाम तोच. उत्तराचा कोड तोच यायला पाहिजे असं मात्र नियम म्हणत नाही, तेव्हा पहिल्यांदा 204 (झालं) आणि नंतर 404 हे चालतं. तुमच्या स्क्रिप्टने काढण्याच्या कामात 404 ला 'आधीच गेलेली' समजून पुढे जावं, पण लॉगमध्ये लिहावं, कारण नाव टाइप करताना चुकलं असेल तरीही 404 च येतो आणि तुम्ही खूश होऊन घरी जाल. 409 (आत्ताच्या स्थितीशी जुळत नाही) किंवा 412 (घातलेली अट जुळली नाही) आला तर मात्र थांबा, त्याचा अर्थ बहुधा तुम्ही वाचलं त्यानंतर कोणीतरी डेफिनिशन बदललीय. कॉमर्सटूल्स प्रत्येक अपडेटला व्हर्जन मागतो आणि जुना असेल तर 409 देतो, इतर ठिकाणी ईटॅग (व्हर्जनची खूण) आणि इफ मॅच (ती खूण जुळली तरच बदल) हेडरने हेच होतं. अशा वेळी नवीन व्हर्जन घेऊन तोच कॉल आंधळेपणाने परत मारणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय, तो काढून टाका, आधी बघा की समोरच्याने काय बदललं, कदाचित त्याने तुमचीच प्रॉपर्टी नव्याने वापरात आणली असेल.

प्रश्न: 30 प्रॉपर्ट्या काढल्या, डेटाबेसचा आकार तेवढाच. काढल्या गेल्यात ना नक्की?

उत्तर: गेल्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ड्रॉप कॉलम (कॉलम काढायची आज्ञा) केलं की कॉलम फक्त अदृश्य होतो, म्हणून तर ते इतक्या झटकन होतं, जागा त्या त्या रो पुढे कधी नव्याने लिहिल्या जातील तशी मोकळी होते. आणि व्हॅल्यू वेगळ्या टेबलमध्ये एक एक रो म्हणून असतील तर त्या डिलीट झाल्यावर व्हॅक्यूम (डेटाबेसची साफसफाई) ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो, फाइल लहान होईलच असं नाही. जागेसाठी काढत असाल तर फार हाती लागणार नाही, पण प्रॉडक्ट भरणाऱ्या माणसासमोरचा फॉर्म 30 खान्यांनी छोटा झाला ना, मला विचाराल तर कामाचं ते आहे.

प्रश्न: प्रॉपर्टीचा टाइप चुकलाय, 'वजन' टेक्स्ट म्हणून आहे, आकडा पाहिजे. काढून त्याच नावाने परत बनवू का?

उत्तर: नको. व्हॅल्यू मागून हळूहळू साफ होणाऱ्या सिस्टीममध्ये जुनी साफसफाई चालू असतानाच तुम्ही त्याच नावाने नवीन टाइप आणाल, कॅशेमध्ये आणि सर्चमध्ये जुना टेक्स्ट बसलेला असेल, आणि कॉमर्सटूल्ससारख्या ठिकाणी तेच नाव दुसऱ्या प्रॉडक्ट टाइपमध्येही असेल तर टाइप सगळीकडे सारखाच लागतो, तेव्हा नवीन बनणारच नाही. 'वजन ग्रॅम' असं नवीन नाव घ्या, ती प्रॉपर्टी बनवा, जुन्यातला टेक्स्ट वाचून आकडा करून भरा. 'अर्धा किलो', '500 ग्राम', '०.५' देवनागरी आकड्यात, असलं सगळं सापडेल, जे कोडला कळणार नाही त्याची वेगळी यादी करून माणसाकडून भरून घ्या. वाचणारे सगळे नवीनवर आले की मग जुनी वरच्याच क्रमाने काढा, आधी लपवून.